लस पूर्ण नाही म्हणून चार महिने बिनपगारी, आणि आता प्रमोशनही अडलं

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, परमनंट, अकरा वर्षं झाली. जुलै २०२१ मध्ये कोविशील्डचा पहिला डोस घेतला. दहा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास घेता येईना. तिथल्या सिस्टरनी लगेच इंजेक्शन दिलं, सिव्हिलला नेलं, एक रात्र ॲडमिट होते. सुटताना डॉक्टरांनी लेखी दिलं की दुसरा डोस घेऊ नये. तो कागद मी एचआरला दिला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण दिवाळीनंतर सगळ्यांच्या आयकार्डवर स्टिकर आले, दोन डोसवाल्यांना हिरवा आणि आम्हा सात जणांना लाल. कँटीनला आमचं टेबल वेगळं केलं, नावांची यादी डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. १ डिसेंबरला गेटवरच अडवलं, म्हणाले एपिडेमिक ॲक्टखाली ऑर्डर आहे, दोन डोस झाल्याशिवाय आत नाही. मी पुन्हा डॉक्टरांचा कागद दाखवला तर म्हणाले हे चालत नाही. चार महिने घरी, एक रुपया नाही. ४ एप्रिल २०२२ ला फोन करून परत बोलावलं, लेखी काहीच नाही. तेव्हा पगार साडेसतरा हजार होता, मिस्टरांचंही काम सुटलेलं, मंगळसूत्र गहाण टाकलं होतं.

ते मी सोडूनही दिलं होतं. पण गेल्या महिन्यात सिनियर इन्स्पेक्टरची लिस्ट लागली, माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या मुलाचं नाव आलं, माझं नाही. एचआरमध्ये विचारलं तर मॅडमनी कॉम्प्युटरची स्क्रीन फिरवून दाखवली, माझ्या नावापुढे अजून 'व्हॅक्सिन नॉन कंप्लायंट' लिहिलेलं आहे. म्हणाल्या, फाइलवर असं असलं की नाव वर जात नाही. युनियनचे दादा म्हणतात जाऊ दे. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो तिकडे याच्याविरुद्ध कायदाच आहे. व्हॉट्सॲपवर आलं होतं की सुप्रीम कोर्टाने कंपन्यांची सक्ती बेकायदा ठरवली. आणि कामावरचा एक जण म्हणतो दोन हजार दे, दोन्ही डोसचं सर्टिफिकेट आणून देतो, विषय संपेल. आपल्याकडे असा कायदा आहे का? माझे पैसे मिळतील का? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?

— सातपूरची वाचक

उत्तर:

ताई, आधी ते दोन हजार. कुणाला देऊ नका. बनावट सर्टिफिकेट तयार करणं हा एक गुन्हा आणि ते खरं म्हणून कंपनीत देणं हा दुसरा, आणि त्या सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दोन मिनिटांत कळतं. पण त्याहून मोठं कारण सांगते. आज तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम काय आहे तर तुम्ही खरं बोललात, कागद लपवला नाहीत, स्वतःहून एचआरला नेऊन दिलात. ज्या दिवशी खोटा कागद फाइलला लागेल त्या दिवशी तुमचा खरा कागदही खोटा वाटायला लागेल, आणि कंपनीला तुम्हाला काढायला आयतं कारण मिळेल.

राजीनाम्याचंही तसंच, अजिबात नाही. अकरा वर्षांची परमनंट नोकरी आहे, प्रश्न फाइलवरच्या एका शेऱ्याचा आहे, आणि तुम्ही नोकरीत असताना तो शेरा काढायला लावणं सोपं आहे, बाहेर पडल्यावर फार अवघड.

आता कायद्याचं. सरळ उत्तर हवं असेल तर भारतात 'लस घेतली की नाही यावरून नोकरीत भेदभाव करू नये' असं नाव घेऊन सांगणारा कायदा नाही. राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणं दिलेली आहेत, त्यात लस नाही, आणि १६ तर सरकारी नोकरीपुरतंच आहे. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाला त्यावरून नोकरीत डावलता येत नाही असा स्वतंत्र कायदा २०१७ चा आहे, अपंगांसाठी २०१६ चा आहे. म्हणजे तब्येतीवरून माणसाला नोकरीत बाजूला काढणं चुकीचं आहे हे आपल्या संसदेला पटलेलं आहे, फक्त लसीबद्दल तसं कोणी लिहून ठेवलेलं नाही. ही उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण कायदा नाही याचा अर्थ तुमच्याकडे काहीच नाही असा मात्र होत नाही, आणि तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले ते यासाठीच.

'म्हणाले हे चालत नाही.' ताई, ते चालत होतं.

महाराष्ट्र सरकारने २७ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे तुम्हाला गेटवर अडवायच्या चारच दिवस आधी, आदेश काढला होता. पूर्ण लसीकरण झालेली व्यक्ती म्हणजे कोण याची व्याख्या त्यात दिली होती. एक, दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेली व्यक्ती. दोन, जिची वैद्यकीय स्थितीच अशी आहे की लस घेता येत नाही आणि तसं मान्यताप्राप्त डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, अशी व्यक्ती. तीन, अठरा वर्षांखालची मुलं. दुसरी ओळ पुन्हा वाचा. सिव्हिलच्या डॉक्टरांनी 'दुसरा डोस घेऊ नये' असं लेखी दिलेली बाई त्या आदेशाच्या हिशोबाने पूर्ण लसीकरण झालेलीच होती. ज्या सरकारी आदेशाच्या नावाने तुम्हाला बाहेर ठेवलं त्याच आदेशाने तुम्हाला आत सोडलं होतं, तो कुणी नीट वाचला नाही किंवा वाचूनही तुम्हाला सांगितला नाही.

आणि डॉक्टरांनी ते उगाच लिहिलं नव्हतं. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, त्याच्या दोन दिवस आधीच केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं होतं की आधीच्या डोसला ज्यांना तीव्र ॲलर्जीची रिॲक्शन आली त्यांना ही लस देऊ नये. दुसऱ्या कंपनीची लस घ्यायची म्हटलं तरी तेव्हा सोय नव्हती, पहिला कोविशील्ड तर दुसराही कोविशील्डच, कोविनवर तसंच होतं. मग तुम्ही नेमकं काय करायला हवं होतं? जिवावर बेतलेलं इंजेक्शन परत घ्यायचं? हा प्रश्न मी तुम्हाला विचारत नाहीये, तो कंपनीला लेखी विचारायचा आहे, पुढे त्याच्यावर येते.

तुमच्या एचआरने एपिडेमिक ॲक्टचं नाव घेतलं. तो कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हाचा. त्याच साथीत हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्यांचंच नाव आहे. तर तो कायदा मुळात चार कलमांचा, आणि त्यातले अधिकार सरकारला दिलेले आहेत. साथ रोखायला सरकार नियम करू शकतं. एखाद्या कंपनीने आपल्या मनाने कामगाराला गेटबाहेर ठेवावं आणि वर पगारही देऊ नये असा अधिकार त्यात कुठेही नाही. २००५ च्या डिझास्टर मॅनेजमेंट ॲक्टचंही तेच.

अर्थात तेव्हा वातावरणच तसं होतं हेही मान्य करायला हवं. ठाणे महापालिकेने त्याच नोव्हेंबरात जाहीर केलं होतं की एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पगार मिळणार नाही. औरंगाबादला लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असे आदेश निघाले होते. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसवाल्यांनाच लोकल. म्हणजे तुमची कंपनी काही एकटी वेडी झाली नव्हती, सगळीकडे घाई आणि भीती होती. मी स्वतः लसीच्या बाजूची आहे, माझी मावसबहीण अडतीस वर्षांची, एप्रिल २०२१ मध्ये गेली, १ मेच्या आधी तिच्या वयाच्या माणसाला लस मिळायची सोयच नव्हती. लस मिळाली असती तर ती आज असती असं मला अजून वाटतं, आणि म्हणून कुणी लसीला नावं ठेवली की मला त्रास होतो. पण तुम्ही लस नाकारलीच नाहीत ना. तुम्ही रांगेत उभं राहून घेतलीत आणि तिने तुम्हाला सिव्हिलमध्ये पोचवलं. लस न घेणारा आणि लस घेऊ न शकणारा यांना एकच लाल स्टिकर लावला, खरी चूक तिथे झाली.

आता सुप्रीम कोर्ट. व्हॉट्सॲपवर आलेलं अर्धं खरं आहे, आणि कंपनीचा वकील नेमकं उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवेल म्हणून पूर्ण समजून घ्या. डॉ. जेकब पुलियेल या बालरोगतज्ज्ञांनी केस केली होती, २ मे २०२२ ला न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांनी निकाल दिला. त्यात म्हटलं की आपल्या शरीरावर आपला हक्क हा कलम २१ मध्ये येतो आणि कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. त्याचबरोबर हेही म्हटलं की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, पण त्याला कायद्याचा आधार हवा, खरंच गरज हवी, आणि बंधन गरजेपुरतंच हवं. मग कोर्टाने पाहिलं की लस न घेतलेल्या माणसापासून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो असं दाखवणारी आकडेवारी केंद्राने किंवा राज्यांनी समोर ठेवलीच नाही, महाराष्ट्र सरकारही त्या केसमध्ये होतं. म्हणून संसर्ग कमी आहे तोपर्यंत अशी बंधनं प्रमाणाबाहेरची आहेत, आणि सगळ्यांनी, खासगी संस्था आणि शाळा-कॉलेज धरून, आपापले असे आदेश पुन्हा तपासावेत असं कोर्टाने सुचवलं.

सुचवलं. हा शब्द लक्षात ठेवा. 'कंपन्यांची सक्ती बेकायदा, कामगारांना भरपाई द्या' असं कोर्टाने म्हटलेलं नाही. लसीकरणाचं सरकारी धोरण चुकीचं आहे असंही म्हटलेलं नाही, उलट ते योग्य ठरवलं. हा निकाल त्या वेळच्या कोविडच्या परिस्थितीपुरता आहे हेही त्यात स्पष्ट आहे. शिवाय तुम्हाला परत घेतलं ४ एप्रिलला आणि निकाल आला २ मेला, म्हणजे कंपनी म्हणणार की आम्ही तुम्हाला बाहेर ठेवलं तेव्हा हा निकाल नव्हताच. बरोबर आहे त्यांचं. पण तो शेरा? तो तर निकालानंतरही तुमच्या फाइलवर तसाच राहिला. कोर्टाने सांगितलं पुन्हा तपासा, राज्य सरकारने २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्यापासून सगळे निर्बंध उठवले, लोकलच्या बंदीमागच्या आदेशांवर तर मुंबई हायकोर्टाने फेब्रुवारीतच ताशेरे मारले होते, सगळं जग पुढे गेलं आणि तुमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ चालूच आहे. या निकालाचा उपयोग तुम्हाला जुन्या पैशापेक्षा या शेऱ्यासाठी जास्त आहे.

ईशान्येकडची हायकोर्टं तर सुप्रीम कोर्टाच्या आधीच बोलली होती. मेघालयात दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीवाले यांना लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करू देत नव्हते, तिथल्या हायकोर्टाने जून २०२१ मध्ये सांगितलं की लसीबद्दल लोकांना समजवा, पण जबरदस्ती करून पोटावर पाय आणता येणार नाही. मिझोरामच्या बाबतीत गुवाहाटी हायकोर्टाने २ जुलै २०२१ ला लस घेतलेले आणि न घेतलेले असा फरक करणारे नियम घटनेविरुद्ध ठरवले. हे निकाल सरकारविरुद्धचे आहेत, खासगी कंपनीला ते थेट लागू होत नाहीत, पण नुसत्या लसीवरून माणसाची रोजीरोटी बंद करण्याकडे कोर्टं कशी बघतात हे त्यातून दिसतं.

मावसभावाचं म्हणाल तर तो बरोबर आहे, पण पूर्ण अमेरिकेबद्दल नाही. मोंटाना नावाचं एक राज्य आहे, तिथे मे २०२१ मध्ये कायदा झाला की लस घेतली आहे की नाही यावरून मालकाने नोकरीत भेदभाव करायचा नाही, जात-धर्म-लिंगाच्या भेदभावाचा जो तिथला मानवी हक्काचा कायदा आहे त्यातच हे घातलं, आणि फक्त कोविड नाही, सगळ्या लसी त्यात येतात. त्यावर हॉस्पिटलं आणि डॉक्टर कोर्टात गेले, २०२२ च्या शेवटी खालच्या कोर्टाने हॉस्पिटलांपुरता तो थांबवला, दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. आणि बाकी बऱ्याच राज्यांत उलट चित्र, मालक लस मागू शकतो, पण तब्येतीचं किंवा धर्माचं कारण असेल तर त्याला काही मार्ग काढून द्यावा लागतो. मला विचाराल तर हा दुसरा विचार मला मोंटानापेक्षा जास्त पटतो. आयसीयूमधल्या पेशंटजवळ काम करणाऱ्याला लस मागणं आणि तुमच्यासारख्या गेज घेऊन पार्ट तपासणाऱ्या बाईला मागणं यात फरक असलाच पाहिजे, आणि जिला घेताच येत नाही तिला वेगळी शिफ्ट, मास्क, टेस्ट असं काहीतरी द्यायला पाहिजे. तुम्हाला यातलं काहीच विचारलं गेलं नाही.

पैशावर येऊ. साडेसतरा हजारांचे चार महिने, सत्तर हजार. खोटी आशा दाखवणार नाही, वेळ खूप गेलेली आहे. तेव्हा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट लागू होता, चोवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना, म्हणजे तुम्हाला, आणि त्यात कपातीची तक्रार बारा महिन्यांत करायची होती, उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते पण ती मागावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे हक्काचे पैसे वसूल करून द्या असा लेबर कोर्टात अर्ज. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा अर्जाला मुदत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीच्या केसमध्येच सांगितलंय, पण तिथे अडचण वेगळी येते, कंपनी म्हणते आधी तुमचा हक्क सिद्ध करा मग वसुलीचं बोला. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले आहेत, तुमची थकबाकी जुन्या काळातली, म्हणून अर्ज कशाखाली आणि कुठे टाकायचा हे नाशिकमधल्या लेबर प्रॅक्टिसवाल्या वकिलाकडूनच बघून घ्या.

पण मुद्दा म्हणून तुमची बाजू कच्ची नाही. कंपनी म्हणेल त्या गैरहजर होत्या. गैरहजर कशा? कामाला आलेल्या बाईला गेटवर अडवलं तर ती गैरहजेरी तिची नसते. आणि हे बघा, ज्या कामगारावर चोरी-मारामारीचा आरोप आहे त्यालासुद्धा चौकशी चालू असताना सस्पेंड केलं तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार द्यावा लागतो, तेव्हाच्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या, कायद्यातच तसं होतं. तुमच्यावर आरोप नाही, चार्जशीट नाही, चौकशी नाही, आणि पगार शून्य. हे वाक्य कुठल्याही लेबर ऑफिसरसमोर नुसतं वाचून दाखवलं तरी कंपनीला उत्तर द्यायला जड जाईल.

तरी माझा सल्ला असा की पैसा मागणीत ठेवा, पण लढाई प्रमोशनवर करा, कारण ते ताजं आहे. आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, कोर्टात त्याला सगळे यूएलपी म्हणतात. गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही त्यातली एक अनुचित प्रथा आहे. तक्रार इंडस्ट्रियल कोर्टात करायची, आणि मुदत नव्वद दिवस. तुम्ही लिहिलंय लिस्ट गेल्या महिन्यात लागली, म्हणजे घड्याळ चालू झालेलं आहे, बोर्डावर लिस्ट लागली ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. युनियनचे दादा जाऊ दे म्हणतात, तर त्यांना एवढंच विचारा की दादा नव्वद दिवस कधी संपतात. मी युनियनवाल्यांना कमी लेखत नाही, माझी अर्धी वकिली त्यांच्याबरोबर झाली, पण पुष्कळदा 'जाऊ दे'मध्येच मुदत निघून जाते आणि मग माझ्यासारखीलाही काही करता येत नाही. हेही सांगून ठेवते, प्रमोशन कुणाला द्यायचं हा बऱ्यापैकी मॅनेजमेंटचा अधिकार मानला जातो, कोर्ट सहसा 'हिला सिनियर करा' असा थेट आदेश देत नाही. पण नाव वगळायचं कारणच चुकीचं असेल तर ते कारण बाजूला ठेवून पुन्हा विचार करा असं म्हणू शकतं, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

कोर्टाच्याही आधी एक पत्र द्या. एचआरला, कॉपी फॅक्टरी मॅनेजरला, ईमेलने आणि हातातही, आपल्या कॉपीवर पोच घ्या. वकिली भाषा नको, साधं असं लिहा: 'जुलै २०२१ मध्ये पहिल्या डोसनंतर मला तीव्र ॲलर्जीची रिॲक्शन आली. दुसरा डोस घेऊ नये असं सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लेखी दिलं, ते मी अमुक तारखेला आपल्याकडे जमा केलं. २७ नोव्हेंबर २०२१ च्या शासन आदेशानुसार असं सर्टिफिकेट असलेली व्यक्ती पूर्ण लसीकरण झालेली धरली जाते. तरी १ डिसेंबर २०२१ पासून मला कामावर येऊ दिलं नाही आणि माझ्या रेकॉर्डवर नॉन कंप्लायंट असा शेरा आजही आहे. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली हे केलं ते कृपया लेखी कळवावं, शेरा काढावा, सिनियर इन्स्पेक्टर पदासाठी माझा शेऱ्याशिवाय पुन्हा विचार करावा, आणि त्या चार महिन्यांचा पगार द्यावा.' बस. पंधरा दिवसांची मुदत द्या. आवाज चढवायचा नाही, कुणाचं नाव घेऊन आरोप करायचे नाहीत, एचआरच्या त्या मॅडमनी स्क्रीन दाखवली हेही पत्रात लिहू नका, त्या बाईंची नोकरी धोक्यात येईल आणि तुमचा एक चांगला साक्षीदार जाईल. माझा अनुभव असा की 'कोणत्या कलमाखाली' हा प्रश्न लेखी गेला की फाइल पहिल्यांदा कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जाते, आणि पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात, कारण वकिलाला दिसतं की उत्तर नाही.

कागद गोळा करायला लागा. सिव्हिलचं डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर, हरवलं असेल तर रेकॉर्ड रूमला अर्ज करून कॉपी मागा. कोविनवरचं पहिल्या डोसचं सर्टिफिकेट, तारखेसाठी. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या पगाराच्या स्लिप. पीएफचं पासबुक तर नक्की काढा, त्या चार महिन्यांत कंपनीचा भरणा दिसणार नाही, आणि तो रेकॉर्ड सरकारी आहे, कंपनीला बदलता येत नाही. गेटवर उभ्या असताना सुपरवायझरला 'सर मी गेटवर आहे, आत सोडत नाहीत' असा एखादा मेसेज टाकला होता का? जुना फोन कपाटात असेल तर चार्ज करून बघा. नावांच्या यादीचा मेसेज कुणाच्या तरी फोनमध्ये अजून असेलच, बाकीच्या सहा जणांना विचारा. त्यातल्या कुणाला तुमच्यासारखंच प्रमोशन नाकारलंय का तेही विचारा, दोघीतिघी मिळून गेलात तर फार फरक पडतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, आणि हे बायकांना कुणी सांगतच नाही म्हणून मी दर दोन-तीन उत्तरांत सांगत असते. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे.

हे वाचून हॉस्पिटलातल्या किंवा हॉटेलातल्या कुणाला वाटेल की आपल्यालाही लस कुणी मागू शकत नाही, तर तसं नाही. हॉस्पिटलचा कचरा हाताळणाऱ्यांना हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांनुसार मालकाची जबाबदारी आहे, सफाईवाल्या मावशींनी तर ती हक्काने मागून घ्यावी. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांविरुद्ध लस हे फूड सेफ्टीच्या नियमांत लिहिलेलं आहे. तिथे नियम छापलेला आहे, कामाशी संबंध आहे, कारण समजतं. तुमच्या बाबतीत असा कुठला नियम होता ते कंपनीने दाखवावं, एवढीच आपली मागणी आहे.

आणखी एक, पुढच्या वेळी कुठल्याही लसीची वेळ आली, टिटॅनसची का असेना, तर ही रिॲक्शन आधी डॉक्टरांना सांगा आणि सिव्हिलचा कागद जवळ ठेवा. कोविशील्डला असं झालं म्हणून बाकी सगळ्या लसी बंद असं मात्र स्वतः ठरवू नका, ते ॲलर्जीच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

ते लाल स्टिकरचं आयकार्ड तुमच्याकडे अजून आहे की नवीन देताना त्यांनी परत घेतलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर स्टिकर न काढता दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि कार्ड डिस्चार्ज कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवा. पत्र द्यायला जाताना ओरिजिनल काहीही घेऊन जाऊ नका, फक्त झेरॉक्स.